कंटाळ्याची कुळकथा

काहीतरी करायचे आहे, पण समोर असलेल्या कशातही मन लागत नाही, या अस्वस्थ अवस्थेला कंटाळा म्हणतात. या व्याख्येचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. नुसते काही न करणे म्हणजे कंटाळा नव्हे. जेवण उरकून ओसरीवर पाय पसरून बसलेला माणूस काहीच करत नसतो आणि तरी तृप्त असतो. आळशी माणूसही कंटाळलेला असेलच असे नाही, कारण त्याला मुळात काही करायचेच नसते. कंटाळलेल्याला इच्छा असते, ताकद असते, बहुतेकदा वेळही भरपूर असतो. त्या इच्छेला टेकायला जागा तेवढी मिळत नाही. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये कंटाळ्याची जी व्याख्या मांडली, तिचा गाभा हाच आहे.

मराठीने हा फरक क्रियापदांतून सांभाळला आहे. राग येतो, झोप येते, ताप येतो, तसा कंटाळाही येतो. 'मला कंटाळा आला' या वाक्यात बोलणाऱ्याचा काही अपराध नाही. त्याच्यावर काहीतरी येऊन आदळले आहे. पण 'अभ्यासाचा कंटाळा करू नकोस' म्हटले, की तोच शब्द अवगुण होतो. येणारा कंटाळा ही एक अवस्था आहे, केला जाणारा कंटाळा म्हणजे टाळाटाळ. कंटाळ्याचा दोन हजार वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यातला बराच भाग या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्याचा इतिहास आहे.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन कवी लुक्रीशियसने आपल्या दीर्घकाव्याच्या तिसऱ्या भागात एका श्रीमंताचे वर्णन केले आहे. शहरातल्या वाड्यात करमत नाही म्हणून तो घोडे पिटाळत, जणू आग विझवायला निघाल्यासारखा, गावाकडच्या घरी जातो. उंबरठ्यावर पाय ठेवताच त्याला जांभई येते आणि तो पुन्हा शहराची वाट धरतो. लुक्रीशियसचे निदान असे, की हा माणूस स्वतःपासून पळतो आहे आणि तेवढे एकच त्याला जमत नाही. पुढे शंभरेक वर्षांनी तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या पत्रांतून आणि निबंधांतून याच दुखण्याची चर्चा केली. दिवस, रात्र, उन्हाळा, हिवाळा, पुन्हा तेच, पुन्हा तेच, या जाणिवेने येणाऱ्या उबगाला तो मळमळीच्या जवळ नेऊन बसवतो. सेनेकाचा कंटाळा हा रिकामटेकड्यांचा कंटाळा नाही. ज्यांना सर्व काही मिळाले त्यांनाही तो गाठतो, ही त्याची खरी चिंता होती.

कंटाळ्याचे सर्वांत सूक्ष्म निरीक्षण मात्र राजवाड्यांत झाले नाही, ते इजिप्तच्या वाळवंटात झाले. चौथ्या शतकात ख्रिस्ती साधक नाईल नदीच्या पश्चिमेकडील ओसाड भागात एकएकट्या झोपड्यांत राहत. प्रार्थना, थोडे हातकाम आणि दिवसातून एकदा जेवण, एवढाच त्यांचा दिनक्रम. इव्हाग्रियस पाँटिकस हा विद्वान तिथे अनेक वर्षे राहिला आणि ३९९ मध्ये तिथेच वारला. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने यादी केली. त्यांतल्या एकाला ग्रीक भाषेत 'अकेडिया' असा शब्द होता आणि इव्हाग्रियसने त्यालाच दुपारचा सैतान म्हटले. सकाळी दहाच्या सुमारास तो येतो आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाहीसे वाटते, दिवस पन्नास तासांचा भासतो. जेवणाची वेळ किती दूर आहे हे पाहायला साधक पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो. कोणी भेटायला येते आहे का, याकडे त्याचे डोळे लागतात. मग ही जागाच वाईट, हे कामच वाईट, इथल्या लोकांत माया उरली नाही, दुसरीकडे गेलो असतो तर बरे झाले असते, असे विचार रांगेने येतात. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या वर्णनात घड्याळाकडे पाहत बसलेला आजचा कोणताही कारकून स्वतःला ओळखेल.

इव्हाग्रियसच्या नोंदीचा शेवट फारसा सांगितला जात नाही, आणि तोच अधिक मोलाचा आहे. हा सैतान सर्वांत जड, असे तो म्हणतो. पण जो जागा न सोडता त्याला पुरून उरतो, त्याच्यामागे लगेच दुसरा सैतान लागत नाही, उलट मनाला शांती आणि शब्दांत न सांगता येणारा आनंद लाभतो. कंटाळ्याच्या पलीकडे काहीतरी मिळण्यासारखे आहे, हे स्पष्ट शब्दांत मांडणाऱ्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक आहे.

इव्हाग्रियसचे विचार जॉन कॅसियनने युरोपात नेले. त्याने अब्बा पॉल नावाच्या साधकाची हकीकत लिहून ठेवली आहे. पॉलची झोपडी वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर होती. तो रोज खजुरीची पाने गोळा करून हातकाम करी, पण ते विकायला न्यायचे तर वाहतुकीचाच खर्च जास्त. म्हणून वर्षभर साठवलेले सगळे काम तो वर्षाच्या अखेरीस जाळून टाकी आणि पुन्हा नव्याने सुरुवात करी. कामाचा मोबदला पैशांत नव्हता. हाताला लागलेली गुंतवण हाच मोबदला होता.

भारतातील श्रमण परंपरांना हे दुखणे अनोळखी नव्हते. पाली भाषेत त्याला 'अरती' म्हणतात. एकांतवास आणि साधना यांत मन न रमणे, असा त्याचा अर्थ. बुद्धाला मोहात पाडायला आलेल्या माराच्या तीन कन्यांपैकी एकीचे नावच अरती आहे. दुसऱ्या दोघी तृष्णा आणि रगा. जैन परंपरेत साधूने सोसायच्या बावीस परीषहांत भूक, तहान, थंडी, उष्णता यांच्या रांगेत अरतीही आहे आणि तत्त्वार्थसूत्रात ती यादी येते. ही रांग नीट पाहण्यासारखी आहे. थंडी वाजणे हा जसा कोणाचा दोष नाही, तसे मन न रमणे हाही नाही. तो सोसण्याचा आणि ओलांडण्याचा प्रसंग आहे. अरतीला तिथे 'येणाऱ्या' गोष्टींत स्थान मिळाले.

युरोपात उलटे घडले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी आठांच्या यादीतून सात मुख्य पापांची यादी केली, तेव्हा अकेडियाचे वेगळे स्थान गेले आणि ती खिन्नतेत विरघळली. पुढच्या शतकांत तो शब्द परतला खरा, पण हळूहळू त्याचा अर्थ 'आळस' असा झाला. वाळवंटातला साधक आळशी नव्हता, तो तळमळत होता. एकदा त्या तळमळीवर आळसाचा शिक्का बसल्यावर तिच्याकडे कुतूहलाने पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. कंटाळलेल्या माणसाला कामाला जुंपा, हा एकच उपाय उरला.

'कंटाळा' याच नेमक्या अर्थाचे शब्द युरोपीय भाषांत बरेच उशिरा स्थिरावले. जर्मन शब्दाचा अक्षरशः अर्थ 'लांबलेला वेळ' असा आहे. इंग्रजीत 'बोअर' हा शब्द या अर्थाने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो आणि 'बोअरडम' हे भाववाचक नाम एकोणिसाव्या शतकात. यावरून कंटाळा हा आधुनिक काळाचाच शोध आहे, असे काही अभ्यासक मानतात. ते पूर्ण पटत नाही. लुक्रीशियस आणि इव्हाग्रियस यांची साक्ष त्याच्या विरुद्ध आहे. बदलले ते एवढेच, की कंटाळा मोजक्या साधकांपुरता आणि सरदारांपुरता राहिला नाही. घड्याळाने बांधलेला दिवस, कामाचे आणि सुट्टीचे वेगळे झालेले तास, आणि आयुष्य रंजक असायलाच हवे ही नवी अपेक्षा, यांनी तो घरोघरी पोचवला. साम्राज्यांनी तो दूरदेशीही नेला. हिंदुस्थानात आलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या आणि त्यांच्या बायकांच्या पत्रांत, रोजनिशांत पराक्रमापेक्षा लांबलचक, एकसुरी दिवसांची तक्रार किती वेळा येते, हे इतिहासकार जेफ्री ऑरबाख यांनी २०१८ मध्ये आपल्या पुस्तकात दाखवून दिले.

तत्त्वज्ञांत मार्टिन हायडेगरने या विषयाला सर्वाधिक जागा दिली. १९२९-३० च्या हिवाळ्यात फ्रायबुर्ग विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत त्याने आडवळणाच्या एका रेल्वे स्थानकाचे उदाहरण घेतले. पुढची गाडी चार तासांनी आहे. माणूस वेळापत्रक वाचतो, रस्त्यावर फेऱ्या मारतो, झाडे मोजतो, मातीत रेघोट्या ओढतो आणि पुन्हा घड्याळ पाहतो. हा पहिला प्रकार; इथे कशाचा कंटाळा आला ते सांगता येते. दुसरा प्रकार अधिक खोल: मेजवानी छान झाली, गप्पाही रंगल्या, आणि घरी आल्यावर माणसाला उमगते की आपण सगळा वेळ कंटाळलेलोच होतो. तिसऱ्यात कंटाळ्याला कारणच उरत नाही. रविवारी दुपारी मोठ्या शहराच्या रस्त्यांवरून चालताना सगळेच सारखे, उदासीन वाटू लागते. हायडेगरच्या मते या तळाशी माणूस प्रथमच स्वतःच्या आयुष्याकडे, त्यात खुल्या असलेल्या शक्यतांकडे पाहू शकतो.

प्रयोगशाळेने कंटाळ्याकडे पाहायला सुरुवात केली ती कारखान्यांमुळे. एकाच हालचालीची हजारो आवर्तने करणाऱ्या कामगारांचा अभ्यास ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकात सुरू झाला आणि कामातील एकसुरीपणावरचा वायट आणि फ्रेझर यांचा अहवाल १९२९ मध्ये निघाला. कामाचा प्रकार अधूनमधून बदलला, तर कामगारांना आणि उत्पादनालाही लाभ होतो, असे या संशोधनातून दिसले. हाच एकसुरीपणा हलका करायला जून १९४० मध्ये बीबीसीने कारखान्यांसाठी दिवसातून दोनदा खास संगीताचा कार्यक्रम सुरू केला. दुसऱ्या महायुद्धाच्या त्याच काळात आणखी एक प्रश्न उभा राहिला: पाणबुड्या शोधणारे रडारचालक पडद्यावरचे ठिपके का चुकवतात? नॉर्मन मॅकवर्थ यांनी केंब्रिजमध्ये एक साधे घड्याळ बनवले. त्याचा काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी दिसली की बटण दाबायचे. पहिल्या अर्ध्या तासातच लक्ष ढळते, असे १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतून समजले.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डोनाल्ड हेब यांच्या प्रयोगशाळेने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला हे टोकाला नेऊन पाहिले. दिवसाला २० डॉलर घेऊन विद्यार्थ्यांनी फक्त गादीवर पडून राहायचे होते. डोळ्यांवर अर्धपारदर्शक चष्मा, हातांत मोजे, कानाशी यंत्राची एकसुरी घरघर. त्या काळात ही रक्कम चांगली होती, तरी बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत माघार घेतली. विचार करणे जड जाऊ लागले आणि अनेकांना नसलेल्या आकृत्या दिसू लागल्या. मेंदू रिकामा ठेवता येत नाही. बाहेरून काही मिळाले नाही, तर तो आतून तयार करतो.

इथपर्यंत आले की कंटाळा कशासाठी, हा प्रश्न समोर येतो. अप्रिय असूनही जी भावना टिकून राहिली आणि माणसाबाहेरही दिसते, तिचे काहीतरी काम असले पाहिजे. कातडीसाठी पाळल्या जाणाऱ्या मिंक या प्राण्यावर कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठात झालेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. उघड्याबोडक्या पिंजऱ्यातले मिंक समोर येईल त्या प्रत्येक वस्तूकडे धावत. ज्यांनी त्यांना पकडले जाते त्या हातमोज्यांकडेही आणि शिकारी प्राण्याच्या वासाकडेही. खेळायला, पाण्यात उतरायला जागा असलेल्या मिंकना ही घाई नव्हती. भूक जशी अन्नाकडे ढकलते, तसा कंटाळा नव्याकडे ढकलतो. जिथे आता काही मिळण्यासारखे उरले नाही तिथून उठ, एवढीच त्याची सूचना असते. कुठे जा, हे मात्र तो सांगत नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

कंटाळ्याच्या फायद्यांची चर्चा झाली की एका ब्रिटिश प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. सॅंडी मॅन आणि रिबेका कॅडमन यांनी काही लोकांना १५ मिनिटे टेलिफोन डिरेक्टरीतले क्रमांक उतरवून काढायला लावले आणि मग थर्मोकोलच्या दोन पेल्यांचे किती उपयोग होतील ते विचारले. हे कंटाळवाणे काम केलेल्यांना इतरांपेक्षा अधिक उपयोग सुचले. दुसऱ्या फेरीत क्रमांक नुसते वाचणाऱ्यांची कल्पकता उतरवणाऱ्यांपेक्षाही सरस ठरली. वाचताना मनाला भटकायला जास्त मोकळीक होती, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा अभ्यास २०१४ मधला. २०१९ मध्ये दुसऱ्या एका गटाने लोकांना कडधान्याचे दाणे रंगांनुसार एकेक करून निवडायला बसवले आणि नंतर उशिरा येण्याच्या सबबी सुचवायला सांगितल्या. तिथेही कंटाळलेल्यांची कामगिरी उजवी झाली. पण त्याच संशोधकांच्या पुढच्या प्रयोगात हा लाभ सर्वांना झाला नाही. ज्यांना शिकण्याची आणि विचार करण्याची ओढ होती, नव्याची भीती नव्हती, त्यांनाच तो झाला. कंटाळा आला की प्रतिभा फुलते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी ही अट वगळू नये.

मेंदूच्या अभ्यासातून या अटीचे कारण थोडेफार उलगडते. माणसाच्या शरीरात मेंदूचे वजन सुमारे २ टक्के, पण ऊर्जेचा सुमारे २० टक्के वाटा तो घेतो. आणि एखादे अवघड काम करताना हा खर्च फारच थोडा वाढतो. म्हणजे माणूस स्वस्थ बसलेला असतानाही मेंदू राबतच असतो. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मार्कस रेकल यांनी २००१ मध्ये याला 'डिफॉल्ट मोड' असे नाव दिले. बाहेरच्या कामातून लक्ष सुटले, की मेंदूतील काही भाग एकत्र जागे होतात, आणि गेल्या दिवसांची आठवण, पुढच्या दिवसांची कल्पना, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज, अशा कामांत हेच भाग गुंतलेले आढळतात. जुने धागे नव्याने जुळतात ते इथे. पण जुळायला धागे आधी असावे लागतात.

लोकमान्य टिळकांचे उदाहरण या ठिकाणी आठवते. १९०८ ते १९१४ ही सहा वर्षे ते मंडालेच्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य'चा खर्डा त्यांनी तिथे १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत लिहून काढला. एवढा मोठा ग्रंथ इतक्या थोड्या दिवसांत उतरला, कारण गीतेचा विचार त्यांच्या मनात १८७२ पासून, वडिलांच्या अखेरच्या आजारात त्यांना गीतेवरील टीका वाचून दाखवली तेव्हापासून, घोळत होता. तुरुंगाने दिला तो रिकामा वेळ. त्यात पेरायचे बी टिळक बरोबर घेऊन गेले होते. तुरुंगवासाचे गोडवे गाण्याचे यात काही कारण नाही. तोच रिकामेपणा असंख्य कैद्यांना पोखरून गेला आहे.

कंटाळ्याची ही दुसरी बाजू लपवून चालणार नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठात टिमथी विल्सन यांनी लोकांना १५ मिनिटे एका खोलीत नुसते विचार करत बसायला सांगितले. हवे तर स्वतःला विजेचा सौम्य झटका देण्याची सोय होती. हा झटका टाळण्यासाठी पदरचे पैसेही देऊ, असे ज्यांनी आधी म्हटले होते, त्यांतल्या १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी तो स्वतःला देऊन घेतला. एका पुरुषाने तर १९० वेळा. जिथे अन्य काही नाही तिथे वेदनाही चालते, हे मिंकच्या पिंजऱ्याशी जुळणारे आहे. ज्यांना वारंवार कंटाळा येतो अशांमध्ये नैराश्य, जुगार, व्यसने आणि अवेळी खाणे यांचे प्रमाण अधिक आढळते. १९८० च्या दशकात पाहणी झालेल्या सात हजारांहून अधिक ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा पुढे २००९ पर्यंत मागोवा घेतला गेला. फार कंटाळा येतो म्हणणाऱ्यांत हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले. अर्थात त्यांची प्रकृती आणि कामाची परिस्थितीही मुळात हलकी होती, त्यामुळे दोष एकट्या कंटाळ्याला देता येत नाही. क्वचित येणारा कंटाळा आणि कायमचा मुक्काम ठोकलेला कंटाळा यांना एकाच मापाने मोजणे चुकीचे आहे. दुसऱ्याला उपचाराची, निदान काम किंवा परिस्थिती बदलण्याची गरज असते.

बर्ट्रांड रसेल यांनी १९३० मध्ये सुखावर लिहिलेल्या पुस्तकात एक संपूर्ण प्रकरण कंटाळ्याला दिले आहे. मुलांना तयार करमणूक फार देऊ नये. थोडाफार एकसुरीपणा सोसायची सवय लहानपणीच लागली पाहिजे, असे त्यांचे आग्रहाचे सांगणे होते. तेव्हा त्यांच्यासमोर नाटके आणि चित्रपट होते. आज बसथांब्यावरची दोन मिनिटे, दवाखान्यातली रांग, कुकरच्या तीन शिट्ट्यांमधला वेळ, सगळे मोबाइलने भरून निघते. कंटाळ्याची सूचना कानावर पडण्याआधीच बंद केली जाते. भुकेला चहा पाजून मारावे तसेच हे. भूक मरते, पण पोट भरत नाही.

यामुळे कंटाळा निदान कमी तरी होतो का, हे टोरांटो विद्यापीठातील केटी टॅम आणि मायकेल इन्झलिख्ट यांनी तपासले. त्यांचे सात प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एकदा दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ पुढे न सरकवता पाहायला दिला, आणि एकदा पाच-पाच मिनिटांचे अनेक व्हिडिओ हवे तसे बदलत पाहायची मुभा दिली. बदलायला मिळाले तर कंटाळा कमी येईल, असा लोकांचा आधी अंदाज होता. प्रत्यक्षात एकच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, तेव्हा त्यांना कमी कंटाळा आला आणि जास्त समाधान वाटले.